पुस्तिकेचं पहिलं पान

फवारणीच्या ब्लोअर यंत्राची माहितीपुस्तिका लिहिली कंपनीतल्या नूतनने, पण त्यातली एकूण एक खुबी सांगितली नारायणगावच्या सावळेराम मिस्त्रींनी. वाचून दाखवलेल्या पानांवर मंजुरीचा अंगठा उठवताना ते ओशाळायचे, म्हणून सहीपुरतं नाव तिनेच त्यांना गिरवायला शिकवलं. "दादा, हेच नाव पहिल्या पानावर छापून आणते की नाही बघा!" असंही ती म्हणाली होती.

छापताना कंपनीने नाव टाकलं साहेबांचं, आणि नूतन गप्प बसली. 'दादांना कुठं वाचता येतंय,' अशी मनाची समजूत घालून तिने पुस्तिका त्यांच्यापुढे धरली.

मिस्त्रींनी ग्रीसचे हात पुसले आणि शेवटच्या पानापर्यंत ओळीओळीवरून बोट फिरवलं.



"ताई, तुमी शिकवलेला तेवढाच शब्द मला वळखू येतो, आन् त्योच ह्यात कुठं गावंना."