जॉनचा नारळ

कळव्याच्या मच्छीमार सोसायटीचं सॉफ्टवेअर आपण तीन महिने डोळे फोडून बनवलं, असं गुरुदत्त डोंबिवलीभर सांगत सुटला होता. खरं तर प्रोग्राम बनवायच्या किटमधल्या फ्लॉपीतच एक नमुना तयार होता. कुठल्याशा परदेशी वाचनालयाचा, किटचे भाग एकमेकांना कसे जोडायचे ते दाखवायला. पठ्ठ्यानं पुस्तकांच्या जागी होड्या घातल्या, वाचकांच्या जागी कोळी, आणि दोन दिवसांत मोकळा झाला. अडला तो फक्त एका नावापाशी. नमुन्यातला पहिला वाचक जॉन स्मिथ पुसला की अख्खा प्रोग्रामच बंद पडायचा. का, ते गुरुदत्तला काही केल्या कळेना.

"तो सिस्टिमचा माणूस आहे," त्यानं सोसायटीचे अध्यक्ष दामाजी यांना ठोकून दिलं. "त्याला हात लावू नका, काढलात तर सगळं बंद पडेल."

नारळी पौर्णिमेला सोसायटीनं कॉम्प्युटरच्या यादीप्रमाणे सभासदांना नारळ वाटले. गुरुदत्त इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसला होता. शेवटी एक नारळ उरला, तो दामाजींनी आणून त्याच्या हातात ठेवला.

"अहो, माझा कशाला सत्कार?" गुरुदत्त लाजला.

"तुझा नाय रे, जॉनचा हाय. पोचव त्याला," दामाजी म्हणाले. "तू महिनाभर फिरकला नाय, तरी मशीन चालतंय. त्याला काढला का बंद पडतंय. मग काम कोणी केलंय, ते काय कळत नाय आमाला?"