मागच्या सीटचे उपास

मायलेजचा काटा बासष्टवर पाहून वामनराव खुलले. लिटरला साठ किलोमीटरच्या खाली आली की गाडी कायद्याने कायमची बंद होई, आणि त्यांच्या पांगळ्या पायांना या तीनचाकी मोटारसायकलचाच आधार होता.

"पाहिलंस यमुने? चेनला तेल दिलं, हवा भरली, त्याचा हा गुण."

"तुमचा हात लागला की यंत्रसुद्धा ऐकतं," मागून बायको म्हणाली. त्यांना उतरवायला ती रोज बरोबर येई.

तेवढ्यात गाडी गोड आवाजात बोलली, "मागच्या सीटवरचं वजन वर्षभरात नऊ किलोने घटलं. अभिनंदन."

वामनरावांनी गाडी कडेला घेतली. यमुनेचा सोमवार जुना होता. यंदा गुरुवार आला, शनिवार आला, तेव्हा 'म्हातारपणी देव आठवला' म्हणून त्यांनीच तिची थट्टा केली होती.

"म्हणजे हे उपास देवाचे नव्हते तर."

"गाडी गेली तर तुम्ही खाटेला खिळाल," ती पदर सावरत म्हणाली.

पिशवीतल्या डब्यातली पोळी काढून वामनरावांनी मागे धरली.

"अहो, आज गुरुवार आहे."

"गुरुवार आजपासून माझा," ते म्हणाले. "तू खा."