एका वेढ्याची पेंढी

सोपानच्या गव्हात विक्रेत्याने दोन कापणी-बांधणी यंत्रं चालवून दाखवली. पहिलं बारीक पेंढ्या बांधत सुतळी खात सुटलं. दुसऱ्याने मोठाल्या पेंढ्या एकेका वेढ्यात करकचून आवळल्या.

“हेच घेऊ. सुतळी जपून वापरतंय,” सोपान खुशीत म्हणाला.

“पण पेंढी झटकत नाही हे,” त्याची बायको कौसा म्हणाली. विळ्याने कापताना ती प्रत्येक पेंढी झटकूनच बांधायची. आत साप-किरडू शिरलं असलं तर निघून जाई.

“एवढ्या आवाजात साप थांबेल होय, वहिनी?” विक्रेता हसला. सोपानही हसला.

कौसाने त्याच यंत्राची एक पेंढी डोक्यावर घेतली. वारा पडला होता, शिवारात पातं हलत नव्हतं. तिच्या कानाजवळच्या ओंब्या तेवढ्या, सोपानच्या देखत, सावकाश बाजूला होत होत्या.