रेणूचे सुतक

चांदीच्या पृष्ठभागावर बसविलेल्या एकाच रेणूचे चुंबकत्व वैष्णवी एकवीस दिवस सूक्ष्मदर्शक यंत्राच्या सुईने मोजत होती. सुई केसभर खाली गेली आणि रेणू मोडला. संशोधनाला रामराम ठोकून ती मारेगावी परतली व अन्नपाणी सोडून बसली. तिचे वडील मारोतराव यांचा जीव टांगणीला लागला.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या वच्छलाबाई, दुखवट्याच्या घरी नेतात तसे, पिठलं-भाकर घेऊन आल्या.

"वहिनी, माणूस नाही, रेणू गेला," मारोतराव ओशाळून म्हणाले. "डोयानं दिसत बी नाही तो."

"एकवीस दिवस पोरगी त्याच्या उशाशी बसली होती नं भाऊजी? मंग!" वच्छलाबाईंनी वैष्णवीला घास भरविला. "कसा होता वं तो?"

वैष्णवी मनसोक्त रडली, त्याच्याविषयी सांगत राहिली आणि भाकर संपल्यावर म्हणाली, "बाबा, मी आजच वापस जातो. दुसरा रेणू घेतो."

मारोतरावांनी हर्षभराने तिची बॅग उचलली. तोच वच्छलाबाईंनी उंबरठा अडविला.

"अवं, इतक्यात दुसरा? पहिल्याची तेरवी तं होऊ दे!"

मारोतरावांनी बॅग खाली ठेवली आणि ते बोटांवर दिवस मोजू लागले.