प्लास्टिकमधला व्हिसा

पोतनीससाहेबांनी लॅमिनेट केलेला व्हिसा विमानतळाच्या काउंटरवर ठेवला. काउंटरमागच्या वृंदाने माणूस ओळखला आणि व्हिसा दोन बोटांनी परत सरकवला. “काका, आता व्हिसा डिजिटल असतो. कागद चालत नाही. फोनवर काढा, तोवर बाजूला उभे राहा.”

साहेबांना व्हिसाच्या खात्याचा पासवर्ड काही आठवेना. तिकडे परदेशात लेकीचं बाळंतपण तोंडावर आलेलं.

साहेब व्हिसा कचेरीत नोकरीला असताना त्यांनी वृंदाच्या वडिलांचा जन्मदाखला असाच सरकवला होता. “लॅमिनेट केलेलं चालत नाही. पुढच्या वेळी या.” पुढच्या वेळेआधीच वडील गेले. परदेशातला नातू त्यांनी फोटोतच पाहिला.

साहेबांचा व्हिसा वृंदाच्या स्क्रीनवर केव्हाच दिसला होता. काउंटर बंद व्हायची वेळ येईपर्यंत तिने त्यांना घामाघूम होऊ दिलं. मग संडासालगतच्या सीटचा बोर्डिंग पास पुढे केला.

“लॅमिनेट करून देऊ, काका?”