गाडीची संमती

चंदनापुरीच्या घाटात उसाच्या ट्रॅक्टरने मागे टाकलं, आणि तेही शेजारी व्याही बसलेले असताना. त्याच दिवशी गुंजाळ सरांनी ठरवलं की गाडीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढूनच टाकायचा. धूर गाळणारा तो डबा चोंदला की गाडी ओढत नाही, असं त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं.

संगमनेरच्या शमशाद मिस्त्रींनी मात्र पान्याला हात लावला नाही.

“सर, हा भाग काढायला आता गाडीची संमती लागते. तिच्या होकाराशिवाय काढला तर माझं लायसन जाईल.”

“गाडी माझी, तिला काय विचारायचंय?” सर तडकले.

मिस्त्रींनी डॅशबोर्डवरचं बटण दाबून गाडीचा आवाज सुरू केला आणि कायद्याने ठरवलेला प्रश्न तिला वाचून दाखवला.

“संमती नाही,” गाडी म्हणाली. “माझ्या होकाराशिवाय तो काढणं गुन्हा आहे. मागून येणाऱ्यांनी माझा धूर का खायचा? शिवाय डबा ठणठणीत आहे. सर हँडब्रेक अर्धाच सोडतात. तीन वर्षं सांगायचं होतं, पण त्यांनी माझा आवाजच बंद करून ठेवला होता.”

हसू लपवायला मिस्त्री बॉनेटमध्ये वाकले. सरांनी हँडब्रेक पूर्ण खाली केला.

परतताना गाडी अशी सुसाट निघाली की सर खुशीत येऊन म्हणाले, “अजून काही सांगायचं राहिलंय का गं?”

घराच्या फाटकाशी गाडी थांबून अर्धा तास झाला, तरी सर आत बसून ऐकतच होते.