निळ्या खोक्यातले ब्रेक

सासऱ्यांच्या लाडक्या ट्रॅक्टर कंपनीचं तिच्या वैरी कंपनीत विलीनीकरण झालं, आणि सुटे भाग वैऱ्याच्या निळ्या खोक्यातून येऊ लागले.

"जीव गेला तरी हा माल माझ्या ट्रॅक्टरला लागणार नाही!"

"जीव कुणाचा, बाबा? ब्रेक पार ढिले झालेत आणि तुमच्या मांडीवर माझी लेक बसते." मी तिला ट्रॅक्टरवर पाठवणंच बंद केलं.

चौथ्या दिवशी त्यांनी फाडलेला निळा खोका माझ्यापुढे आपटला. "घे, बसवले नवे ब्रेक. आता तरी दे नातीला."

एवढ्या लवकर माघार? मला काही पटेना. गुपचूप मेकॅनिकला फोन लावला.



"कुठले ब्रेक, वहिनी? बघून झाला असेल तर तो खोका तेवढा परत पाठवा. अजून चार घरी दाखवायचाय."